पंगत आणि ओसरी

विद्यार्थ्यांचे मंडळ म्हटले की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर एक बारीकशी आठी उमटते. पोरे जमणार, चहाच्या फेऱ्या झडणार, गाणी आणि नकला होणार, आणि वर्षाकाठी कोठेतरी चार वह्या वाटून त्याचे छायाचित्र काढले जाणार. यापलीकडे त्यातून काही निष्पन्न होत नाही, अशी त्यांची खात्री असते. तरुणांना विचारावे तर त्यांचे म्हणणे असे की, वय सरल्यावर माणसे एकत्र येतात ती लग्नकार्यात नाही तर स्मशानात. तेव्हा आज चार मित्र जमले तर त्यात बिघडले कोठे? दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु स्नेह आणि सेवा या दोन गोष्टी एकाच मंडळाच्या छायेत नांदू शकतात की नाही, आणि नांदायच्या तर कोणत्या अटीवर, हा खरा प्रश्न आहे. या महिन्यात वाचकांपुढे तोच ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रश्न केवळ तात्त्विक असता तर आम्ही त्यासाठी ही पाने अडविली नसती. तो आमच्या अंगणातच उपस्थित झाला. भोपाळचे तुलसी नगर ही सरकारी नोकरांची वसाहत. १९५६ च्या १ नोव्हेंबरला नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, भोपाळ राजधानी ठरले, आणि जुन्या राज्याची राजधानी असलेल्या नागपूरहून सचिवालयातील कारकून, अधीक्षक आणि त्यांची बिऱ्हाडे फायलींच्या मागोमाग या शहरात आली. ग्वाल्हेर-इंदूरकडील मराठी कुटुंबेही त्यांत मिसळली. सेकंड स्टॉप, १२५० क्वार्टर्स, एफ टाईप, जी टाईप, एच टाईप ही आमच्या मुलुखाची नावे. अशा वसाहतीत पोरांना आजोळ नसते, वाडा नसतो, भाऊबंद नसतात. गल्लीतली मित्रमंडळी हेच त्यांचे गणगोत. म्हणूनच येथील महाविद्यालयीन मराठी मुलामुलींचे एक लहानसे मंडळ बरीच वर्षे चालत आले आहे. त्याला ना नोंदणी, ना फलक. कोजागिरीला आटीव दूध, गणपतीत एखादे नाटुकले, आणि उन्हाळ्यानंतर शाळा उघडताना आसपासच्या वस्तीतील मुलांना वह्या-पुस्तके, एवढाच त्याचा व्याप. त्यासाठी जमणाऱ्या पैशाला ही मुले येथील रीतीप्रमाणे 'चंदा' म्हणतात. आमच्या कानांना 'वर्गणी' अधिक बरी वाटते. पण चंदा म्हटल्याने रुपयाची किंमत कमी होत नाही.

गेल्या पावसाळ्यात या मंडळात फूट पडण्याची वेळ आली. एका गटाचे म्हणणे, कोजागिरीवर होणारा खर्च ही निव्वळ उधळपट्टी. तो सारा पैसा वह्यांना आणि गरजू मुलांच्या परीक्षाशुल्काला द्यावा. दुसऱ्या गटाचे म्हणणे, मग मंडळ तरी कशाला हवे, चौकात एक धर्मादाय पेटी ठेवली म्हणजे झाले. अखेरीस चिटणीस मुलगा आणि खजिनदार मुलगी अशी दोघे मंडळाची वही घेऊन आमच्याकडे आली. "सर, तुम्हीच सांगा, दूध की वह्या?" एका शब्दात उत्तर देणे सोपे होते. आम्ही ते दिले नाही. कारण दूध आणि वह्या यांचा झगडा मुळात खरा आहे, असे आम्हांस वाटत नाही. शिक्षकाच्या सवयीने आम्ही त्यांना आधी इतिहास सांगितला. तोच येथे थोड्या विस्ताराने मांडतो.

मुंबईत विद्यापीठ स्थापन झाले ते १८५७ साली. त्याच्याही नऊ वर्षे आधी, १८४८ च्या जून महिन्यात, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी आणि तेथून नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी, प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने, 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' नावाची सभा काढली. आरंभी तिचे स्वरूप मित्रमेळ्याचेच होते. एकाने निबंध वाचावा, इतरांनी त्यावर वाद घालावा, आणि त्या निमित्ताने मराठी, गुजराती, पारशी, हिंदू अशा तरुणांनी एका खोलीत बसावे. इंग्रजीतील चर्चा चार भिंतींतच राहते हे ध्यानी येताच लोकांच्या भाषांतून बोलणाऱ्या तिच्या शाखा निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्याकडे होते, आणि १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक तिच्यातर्फे निघू लागले. घरोघर मराठी मासिक येण्याची जी रीत आपण आज पाळीत आहोत, तिचा एक धागा त्या विद्यार्थ्यांच्या बैठकीपर्यंत जातो, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

परंतु आम्हांस सांगावयाचे आहे ते पुढेच. १८४९ साली गुजराती शाखेत बेहरामजी गांधी नावाच्या सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. असे निबंध वाचले जातात, टाळ्या पडतात आणि मंडळी घरोघर जातात, हा सर्वत्रचा अनुभव. येथे तसे झाले नाही. मुलींसाठी शाळाच काढाव्यात असे ठरले, आणि सभासदांपैकी कित्येकांनी सकाळच्या वेळी विनावेतन शिकविण्याचे काम अंगावर घेतले. शाळा काढणे त्या मानाने सोपे होते. मुली मिळविणे कठीण होते. हे तरुण घरोघर हिंडून आईबापांची मनधरणी करू लागले. त्यांत चोविशीतले दादाभाई नौरोजी होते. काहींनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, तर काहींनी घराच्या पायऱ्यांवरून खाली ढकलून देण्याची धमकी दिली, अशी आठवण दादाभाईंनी उतारवयात नमूद करून ठेवली आहे. सुरुवातीस या शाळांत ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली आल्या. गिरगावातील मराठी मुलींच्या शाळेसाठी नाना शंकरशेट यांनी आपली जागा दिली. पुढे याच सभेचे अध्यक्षपद डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आले; त्या स्थानी बसणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींच्या शिक्षणाचा आरंभ केला होता तो १८४८ साली. म्हणजे एकाच सुमारास दोन शहरांत हा दिवा लागला. पुण्यात तो एका दांपत्याने लावला, मुंबईत विद्यार्थ्यांच्या मंडळाने.

या हकिगतीतून दोन गोष्टी ध्यानी येतात. पहिली अशी की, आधी स्नेह होता म्हणून सेवा होऊ शकली. एकट्यादुकट्या तरुणाने पायऱ्यांवरून ढकलले जाण्याची धमकी ऐकली असती तर दुसऱ्या दिवशी तो घराबाहेर पडला नसता. परंतु संध्याकाळी जाऊन ज्यांना ती गोष्ट हसत हसत सांगावी, असे मित्र असले म्हणजे माणूस पुन्हा तीच पायरी चढतो. निबंध, वाद, थट्टा आणि सहवास यांतून जो विश्वास साठतो, तो अशा कामाचे भांडवल असतो. कोजागिरीचे दूध बंद करून वह्यांचा खर्च भागवू पाहणारे आमचे तरुण मित्र हे भांडवलच मोडायला निघाले होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या तरुणांनी मुलींना काही जिन्नस देऊन वाटेला लावले नाही. ज्या फळ्यासमोर बसून ते स्वतः मोठे झाले, त्या फळ्यासमोर त्यांनी मुलींना बसविले. आपल्याजवळ जे सर्वांत मोलाचे होते त्यातला वाटा दिला. उरलेसुरले दिले नाही.

हा फरक स्पष्ट व्हावा म्हणून एक परदेशी उदाहरण देतो. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज नावाचे समुद्रकाठचे एक लहान गाव आहे. तेथील विद्यापीठ पंधराव्या शतकाच्या आरंभीचे, म्हणजे आपल्याकडे बहामनी राज्य होते तेव्हाचे. या विद्यापीठात १९२६ सालापासून 'केट केनेडी क्लब' हे विद्यार्थ्यांचे मंडळ आहे. केट ही बिशप जेम्स केनेडी यांची पुतणी किंवा भाची होती, असे परंपरा सांगते; या बिशपांनी तेथे १४५० साली एक महाविद्यालय स्थापिले. तिच्या नावाने निघणारी विद्यार्थ्यांची मिरवणूक एकोणिसाव्या शतकात दंगामस्तीमुळे बंद पाडण्यात आली होती. क्लबाने ती पुन्हा सुरू केली. वसंत ऋतूत गावाच्या इतिहासातील नामांकित व्यक्तींची सोंगे घेऊन विद्यार्थी रस्त्याने जातात. त्याखेरीज नृत्याचे मोठे समारंभ व्हावेत आणि त्यांतून जमलेला पैसा धर्मादाय कामांना जावा, अशी क्लबाची रीत. स्नेह आणि सेवा यांचे असे जुने नाते आमच्या पाहण्यात फारसे नाही.

पण या क्लबात सभासद होत ते फक्त मुलगे. ज्या केटच्या नावाने सारा सोहळा, तिचे सोंगदेखील पहिल्या वर्षाचा एखादा मुलगाच घेई. विद्यापीठात मुली शिकत होत्या, समारंभांना येत होत्या. परंतु मंडळाच्या बैठकीत त्यांना जागा नव्हती. २००९ साली लुईस रिचर्डसन या विद्यापीठाच्या प्रमुख झाल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. त्यांनी, मुलींना दार बंद ठेवणाऱ्या मंडळाला विद्यापीठाची मान्यता देता येत नाही, असे सांगून ती काढून घेतली. क्लबाने धर्मादाय कामात कसूर केली होती असे कोणी म्हटले नव्हते. तरीही मान्यता गेली. अखेर २०१२ साली सभासदांनीच मत देऊन मुलींना प्रवेश दिला. स्थापनेपासून त्याला ८६ वर्षे लागली.

मंडळाने किती दिले हा हिशेब त्याच्या जमाखर्चात सापडतो. परंतु मंडळाने कोणाला आत घेतले, हा हिशेब वेगळ्याच वहीत असतो. आणि पुष्कळदा ती वही कोणी उघडीतच नाही.

हे वाचून 'ते विलायतेचे झाले' असे म्हणून कोणी समाधान मानू नये. आपल्याकडची रीत काय होती? कोकणातून अथवा देशावरच्या खेड्यातून शिकण्यासाठी पुण्यात आलेला गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. आठवड्याचे सात दिवस, सात घरे. कोणी माधुकरी मागे. या अन्नावर पुढे नावारूपाला आलेली माणसे मोजू लागलो तर हे सदर पुरणार नाही. त्या घरांचे उपकार मानावेत तेवढे थोडेच. तरी ज्यांनी वारावर दिवस काढले अशा वृद्धांच्या तोंडून एक बारकावा आम्ही ऐकला आहे. काही घरी वाराच्या मुलाचे पान घरच्या पंगतीत मांडले जाई आणि काही घरी ओसरीवर. ओसरीवरचे जेवण कमी असे, असे नव्हे. भात तोच, आमटी तीच. पण पन्नास वर्षांनंतरही त्या माणसांना आठवत होते ते पान कोठे मांडले होते, ते. शिवाय या सात घरांचे दार जातीने आधीच निवडलेले असे. ज्यांची जात त्यात बसत नव्हती त्यांच्या मुलांना पंगत तर नव्हतीच, ओसरीही नव्हती.

हे ओळखून शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची वाट मोकळी केली. त्यापुढचे पाऊल कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. त्यांनी १९२४ साली साताऱ्यास जे वसतिगृह काढले त्यात सर्व जातिधर्मांची मुले एकाच चुलीवरचे अन्न एकाच पंगतीत जेवली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. दानाची ओसरी मोडून तिची पंगत करण्याचे काम मराठी मुलुखात इतक्या स्पष्टपणे फार थोड्यांनी केले असेल.

आणखी एक लहानशी गोष्ट. पुण्या-नागपुराकडे विद्यार्थी पैसे एकत्र करून जी खाणावळ चालवीत, तिला 'क्लब' म्हणत. कोणी हिशेब ठेवायचा, कोणी बाजार करायचा, सर्वांनी वाटणीचे पैसे भरायचे. इंग्रजांचा क्लब म्हणजे आरामखुर्च्या आणि दारावरचा पहारेकरी. आमच्या पोरांनी त्याच शब्दाचा अर्थ केला तो पंगत. १९५५ साली पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन केली, ती खेड्यांतून येणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांच्या निवासासाठी आणि भोजनासाठी. तेथे राहणाऱ्या विद्यार्थ्याने वसतिगृहाच्या कामात स्वतःचा हात लावावा, असा दंडक आहे. हा दंडक पैसे वाचविण्यापुरता आहे असे आम्ही मानीत नाही. जो घर झाडतो तो त्या घरात पाहुणा राहत नाही. आनंदवनाच्या बाबा आमटे यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तिच्यामागेही हेच सूत्र होते. दिवसा कुदळ आणि घमेले, संध्याकाळी गाणी आणि गप्पा. स्नेह एकीकडे आणि सेवा दुसरीकडे, अशी वाटणी तेथे कोणाला करताच आली नसती.

सरकारलाही या गोष्टीचे महत्त्व पटले होते. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली ती ३७ विद्यापीठांत आणि सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन. आज त्या योजनेचे शिबिर नाही असे महाविद्यालय शोधावे लागेल. शिबिरात किती झाडे लावली आणि त्यांतली किती जगली, यावर वाद होऊ शकतो. परंतु सात दिवस एका सतरंजीवर झोपलेली, एका पातेल्यातली खिचडी खाल्लेली मुले परत येतात तेव्हा ती थोडी निराळी झालेली असतात, हे आम्ही शिक्षक या नात्याने सांगू शकतो.

आणि भोपाळकरांना तर हे वेगळे सांगायलाच नको. १९८४ च्या २ डिसेंबरची रात्र उलटून ३ डिसेंबर उजाडला तेव्हा हमीदिया रुग्णालयाच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. गांधी मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी आणि तरुण डॉक्टर त्या गर्दीत रात्रंदिवस राबले. कोणता वायू, त्यावर कोणता उतारा, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सेवेचा ठराव करायला तेव्हा सभा भरली नव्हती. एरवी जे सोबती एकत्र चहा पितात, एकमेकांची वही उतरवून घेतात, तेच अशा रात्री एकमेकांच्या बाजूला उभे राहतात. ज्यांना एकमेकांची नावेच ठाऊक नाहीत अशांची रांग लावून संकटाला तोंड देता येत नाही.

एवढे सारे ऐकून घेतल्यावर आमच्या चिटणीसाने विचारले, "म्हणजे सर, दूधही ठेवायचं आणि वह्याही?" आम्ही म्हणालो, "दोन्ही ठेवा. पण आधी ती वही इकडे द्या."

सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला वाटपाचे कार्यक्रम नवे नसतात. दरवर्षी कोणी ना कोणी येते. मुलांची रांग लागते. मुलगा वहीचे एक टोक धरतो, देणारा दुसरे टोक धरतो, आणि छायाचित्र नीट येईपर्यंत दोघेही ती सोडीत नाहीत. देणाऱ्यांची बुद्धी चांगली असते, वह्याही चांगल्या असतात. परंतु त्या मुलांपैकी एकाचे नाव कोणी विचारल्याचे आम्हांस क्वचितच आठवते. म्हणून मंडळाच्या वहीत आम्ही जमाखर्चाऐवजी नावे पाहिली. पुढच्या पानांवर 'निमंत्रण' अशी यादी होती. त्यात सभासद आणि त्यांची घरे. मागच्या पानांवर 'वाटप' अशी यादी होती. त्यात वस्तीतील मुले. दोन्ही याद्या सुवाच्य अक्षरांत, दरवर्षी नव्याने लिहिलेल्या. दोहोंत असलेले असे एकही नाव नव्हते.

मागच्या यादीत एका मुलीचे नाव ओळीने आठ-नऊ वर्षे होते आणि नंतर बंद झाले होते. आम्ही चौकशी केली. तिचे आईवडील पांढुर्ण्याकडचे. म्हणजे घरात बोलतात ती मराठीच. आई वसाहतीतील चार घरी धुणेभांडी करते. मुलगी तिसरीत असल्यापासून मंडळाच्या वह्या घेत आली. आता बारावी होऊन तिने बी. कॉम.ला नाव घातले होते. म्हणून 'वाटप' यादीतून ते कमी झाले. येथवर सारे बरोबर होते. पण हे मंडळ आहे कोणाचे? महाविद्यालयात शिकणाऱ्या, या परिसरातील मराठी मुलामुलींचे. मग ज्या दिवशी तिचे नाव मागच्या पानावरून उतरले, त्या दिवशी ते पुढच्या पानावर का चढले नाही?

चिटणीस गोंधळून म्हणाला, "सर, तिला कोणी नाही म्हटलं नाही."

"अरे, पण ये असं तरी कोणी म्हटलं का?"

त्यावर दोघेही काही बोलली नाहीत. ही मुले वाईट नाहीत. उलट आमच्या पाहण्यातल्या चांगल्या मुलांपैकी ती आहेत. त्यांच्या मनात उच्चनीच भाव होता असेही आम्ही म्हणणार नाही. त्यांनी फक्त दोन याद्या केल्या होत्या. दार लावायला प्रत्येक वेळी कडीच घालावी लागते असे नाही. ते नुसते लोटून ठेवले तरी बाहेरच्याला ते बंदच दिसते.

दुसऱ्या आठवड्यात खजिनदार मुलगी तिच्या घरी जाऊन आली. परत येऊन तिने जे सांगितले ते आम्ही जसेच्या तसे देतो. "सर, तिने आधी विचारलं, चंदा किती आहे? मी म्हटलं, तू राहू दे, तुला नाही द्यावा लागणार. तर ती म्हणाली, मग मी नाही येणार." आम्ही विचारले, "मग तू काय केलंस?" ती म्हणाली, "आकडा सांगितला. तिने अर्धा लगेच दिला, अर्धा पुढच्या महिन्यात देते म्हणाली. मी पावती फाडली."

पावती फाडली, हे तिने फार शहाणपणाचे केले.

नवी सभासद पहिल्याच बैठकीत वह्यांच्या विषयावर बोलली. इतकी वर्षे मंडळ सर्व मुलांना एकाच जातीच्या, दुरेघी वह्या देत आले होते. घाऊक घेतल्या की स्वस्त पडतात म्हणून. तिने सांगितले की, दुरेघी वही चौथीनंतर कोणी वापरत नाही. मोठ्या मुलांना एकरेघी लागते आणि गणिताला चौकटीची. मोठी मुले मिळालेल्या वह्या धाकट्या भावंडांना देऊन टाकीत, आणि आईबाप पुन्हा दुकानात जाऊन हव्या त्या विकत आणीत. ही गोष्ट वस्तीतील प्रत्येक घराला ठाऊक होती. मंडळाला ठाऊक नव्हती, कारण मंडळात त्या घरचे कोणी नव्हते. आणि फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल तक्रार करण्याइतका संकोच कोणाचा सुटत नाही. पुढच्या वर्षीच्या खरेदीची यादी आता तिच्याकडे आहे.

हाच आमचा मुद्दा आहे. घेणाऱ्याला पंगतीत बसविणे हे नुसते औदार्य नव्हे. त्यावाचून देणाऱ्याला काय द्यावे हेच कळत नाही. ओसरीवरचा माणूस 'पुरे' म्हणतो, कधी 'आणखी' म्हणत नाही, आणि 'आमटी आळणी झाली आहे' असे तर मुळीच म्हणत नाही. ते म्हणायचा अधिकार शेजारी बसणाऱ्यालाच असतो.

कोजागिरी झाली. खर्चाचा वाद निवळला तो असा: दूध मंडळाचे, बाकी खाणे ज्याने त्याने घरून आणायचे, उरलेले पैसे दोघांच्या परीक्षाशुल्काला. त्या रात्री दूध आटविण्याचे काम नव्या सभासदाकडे आणि आणखी दोघांकडे होते. साखर थोडी जास्त पडली, अशी कुरकुर गच्चीवर बराच वेळ चालली होती आणि जिने ती पाडली ती तितक्याच जोराने उत्तरे देत होती.

बृहन्महाराष्ट्रात आपली मंडळे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या आश्रयाने वाढणारी तरुणांची मंडळेही. आपली भाषा टिकावी म्हणून आपण एकत्र जमतो, हे योग्यच आहे. आमची वाचकांस एवढीच विनंती आहे की, यंदाच्या वार्षिक सभेपूर्वी आपल्या मंडळाच्या या दोन याद्या, बोलावण्याची आणि मदतीची, शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. दोहोंत एकही नाव समान नसेल तर निधी वाढविण्याचा विषय पुढे ढकलावा आणि तोच विषय आधी घ्यावा. त्याला खर्च काही लागत नाही. एक पावतीपुस्तक आणि कोणाच्या तरी दारापर्यंत जाण्याची तयारी, एवढे पुरते.